कलादालनात नाच न्यायचा तर

थिएटरसाठी बसवलेला समकालीन नाच चित्रांच्या दालनात न्यायचं ठरलं की पहिली चर्चा दिव्यांची होते. ती थांबवा आणि आधी जमीन बघा. दालनात बहुतेक वेळा काँक्रीटवर थेट फरशी असते. तिच्यावर उडी उतरली की धक्का जिरत नाही, नडगीत आणि गुडघ्यात जातो. वर डान्स मॅट अंथरली तरी तेच. दोन मिलिमीटरचं व्हिनाइल पाय घसरू देत नाही, एवढंच त्याचं काम.

म्हणून फरशीवर धक्का जिरवणारा तात्पुरता फ्लोअर लागतो. 24 बाय 24 फुटांचा करायचा तर 8 बाय 4 फुटांच्या 12 मिमी प्लायचे दोन थर लागतात, म्हणजे 36 शीट. खालच्या थराच्या पोटाला दर फुटावर जाड फोमचा तीन इंची चौकोन चिकटवा, एका शीटला 32. वरचा थर नुसता आडवा फिरवून चालत नाही: 8 आणि 16 फुटांवर दोन्हीकडचे सांधे एकावर एक येतात आणि फ्लोअर तिथेच मोडतो. म्हणून तो आडवा करून दोन्ही दिशांनी 2 फूट सरकवून सुरू करा, कडेचे तुकडे कापून भरा. स्क्रू 20 मिमीचेच घ्या. दोन थर मिळून 24 मिमी. 25 मिमीचा स्क्रू खालून टोक काढतो, फोम दबला की फरशी ओरखडते आणि भरपाई तुमच्याकडून वसूल होते. बजेट तोकडं असेल तर उड्या काढून टाका, फ्लोअर नाही.

दालनाला विंगा नसतात आणि समोरची बाजूही नसते. यावर बेल्जियन नृत्यरचनाकार ॲन टेरेसा दे केर्समाकर यांनी 2015 मध्ये ब्रसेल्सच्या वील्स कलाकेंद्रात काय केलं ते बघण्यासारखं आहे. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांच्या संगीतावरचा त्यांचा सुमारे तासाभराचा रंगमंचीय नाच त्यांनी नऊ तासांच्या आवर्तनात पसरवला आणि नऊ आठवडे दालनाच्या वेळेत चालू ठेवला. वादक तिथेच, नर्तकांबरोबर. दर तासाला मंडळी आणि मांडणी बदलायची, प्रेक्षक मधूनच यायचे-जायचे. म्हणजे तुकडा कुठूनही बघितला तरी उभा राहायला हवा. तालमीत प्रत्येक रनला समोरची बाजू 90 अंशांनी फिरवा; चौथ्या रनला नाचातली कुठली जागा फक्त एकाच कोनातून दिसते ते कळतं. तिथे दिशा बदला.

आवाजासाठी रिकाम्या दालनात एक टाळी वाजवा. तिचं शेपूट, म्हणजे मागे उरणारा घुमारा, दोन सेकंदांहून लांब राहिलं तर द्रुत लय गढूळ होणार, नर्तकाला सम सापडणार नाही. आवाज वाढवला तर शेपूटही वाढतं. दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान, फ्लोअरच्या कडेला, कमी आवाजात ठेवा. वादक कोपऱ्यात बसवू नका, तिथे खर्ज फुगतो. शिवाय प्रेक्षक मध्ये उभा राहिला की वादक-नर्तकांची नजरभेट तुटते. तेवढी वाट जमिनीवर टेप लावून मोकळी ठेवा.

आता दिवे. कागदावरच्या जलरंगांना साधारण 50 लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप), तैलचित्रांना 200 ही संग्रहालयांची नेहमीची मर्यादा. त्यामुळे साइड लाइट, म्हणजे बाजूने मारलेले दिवे, जवळजवळ बादच; त्यांचा झोत थेट भिंतीवर जातो. वरून, अरुंद झोताने फ्लोअरवरच उजेड पाडा आणि भिंतीवर लक्समीटर धरून मोजा. सगळे दिवे लावून मोजा, एकेक नाही. धूरयंत्र नको: तेलकट थर चित्रांवर बसतो, स्मोक अलार्म वाजतो ते वेगळंच. फ्लोअरची कड आणि चित्र यांत किमान दोन मीटर सोडा, मांडणशिल्प जमिनीवर असेल तर जास्त.

मॅट आदल्या रात्रीच उलगडून पसरवा, नाहीतर कडा उचलतात. प्रयोगाआधी अर्धा तास साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. पाय घसरू नयेत म्हणून लावतात ती राळ नको, तिची भुकटी पायांबरोबर दालनभर जाते.