लिनक्सवर गेम सर्व्हर चालवताय? या चुका टाळा

‘काल रात्री बांधलेलं सगळं गायब झालं’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: सर्व्हर बंद कसा केला होता? उत्तर बहुतेक वेळा ‘किल -९’, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने तिथल्या तिथे मारणारी कमांड, असं असतं.

वॅलहाइम या गेमचं उदाहरण घ्या. त्याचा सर्व्हर जग आपोआप सेव्ह करतो ते दर ३० मिनिटांनी. अकराला सेव्ह झालं, चौघांनी मिळून जहाज बांधलं, तटबंदी उभी केली, आणि ११:२७ ला ‘अपडेट आलंय’ म्हणून अ‍ॅडमिनने प्रोसेस मारली. ती २७ मिनिटं फक्त मेमरीत होती, ती गेली. सेव्ह चालू असतानाच मारली, तर फाइलही अर्धवट राहू शकते. अशा वेळी सर्व्हर लगेच पुन्हा चालू करू नका, कारण पुढच्या सेव्हला जुनी चांगली प्रतही पुसली जाईल. आधी जगाचं फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा. मग नावाच्या शेवटी ‘.ओल्ड’ असलेल्या ‘.डीबी’ आणि ‘.एफडब्ल्यूएल’ या जगाच्या दोन्ही फाइली जोडीनेच मूळ नावावर आणा.

हा सर्व्हर कंट्रोल-सी ने, म्हणजे सिगइंट या सिग्नलने, थांबवला की सेव्ह करूनच बाहेर पडतो. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी मात्र वेगळं सांगितलं नाही तर सिगटर्म हा दुसरा सिग्नल पाठवतो. म्हणून सिस्टमडीच्या युनिट फाइलीत, म्हणजे त्या सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत, ‘किलसिग्नल’ला सिगइंट द्या आणि थांबायची मुदत, म्हणजे ‘टाइमआउटस्टॉपसेक’, १८० सेकंद ठेवा. मूळ मुदत सहसा ९० सेकंदांची असते, आणि ती संपली की सिगकिल, म्हणजे तोच ‘किल -९’, ठरलेलाच. सर्व्हर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर १० सेकंदच मिळतात, तिथे मुदत वाढवायलाच हवी. लॉगमध्ये सेव्ह झाल्याची ओळ दिसेपर्यंत अपडेटला हात लावायचा नाही. तेवढा अर्धा मिनिट ज्याला थांबवत नाही, त्याने दुसऱ्यांचं जग सांभाळायला घेऊ नये.

दुसरी नेहमीची चूक पोर्टची. मित्रांना जोडता येत नाही, म्हणून लोक फायरवॉलच बंद करून टाकतात. आधी गेम डेटा पाठवायला टीसीपी वापरतो की यूडीपी, ते बघा. माइनक्राफ्ट जावा २५५६५ टीसीपीवर चालतो, त्याचीच बेडरॉक आवृत्ती १९१३२ यूडीपीवर आणि वॅलहाइम २४५६ व २४५७ यूडीपीवर. यूडीपीऐवजी टीसीपी उघडलं, तर नियम यादीत छान दिसतो आणि आत कोणीच येत नाही. वेबवरचे पोर्ट तपासणारे बरेचसे टीसीपीच बघतात, त्यामुळे यूडीपी पोर्ट नीट उघडा असूनही ‘बंद’ दिसतो. त्यावर विसंबू नका. ‘एसएस -लुनप’ चालवून सर्व्हर ऐकतोय का ते बघा, मग येणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावून मित्राला जोडायला सांगा. पॅकेट दिसलंच नाही, तर अडचण राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे आहे. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते. मग पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही, कंपनीकडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता मागून घ्या.

रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून सर्व्हर चालवू नका. त्याच्यासाठी वेगळा युजर करा. परवानगीची अडचण आली की ‘७७७’ मारायचं, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा द्यायची, ही सवयही सोडा. फाइलीची मालकी त्या युजरला दिली की काम होतं.

गेम सर्व्हर उतरवणाऱ्या स्टीमसीएमडीमध्ये ‘फोर्स_इन्स्टॉल_डिर’, म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं ते, लॉगिनच्या आधी लिहायचं. आणि ६४ बिट उबंटूवर ‘लिब३२जीसीसी-एस१’ हे पॅकेज नसेल तर स्टीमसीएमडी सुरूच होत नाही.

४ जीबीच्या मशीनवर माइनक्राफ्टला ‘-एक्सएमएक्स ४जी’ देऊ नका. तो आकडा फक्त हीपचा, म्हणजे गेमचा डेटा राहतो त्या मेमरीचा, असतो; जावाच्या बाकीच्या कामांना आणि लिनक्सला वेगळी मेमरी लागते. २.५ जीबी द्या. सर्व्हर काही न सांगता मेला, तर ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा.

आरकॉनचा, म्हणजे दुरून सर्व्हरला कमांड द्यायचा, पोर्ट बाहेर उघडू नका. त्याचा पासवर्ड साध्या मजकुरात जातो.

चालू सर्व्हरच्या फोल्डरचा सरळ टार, म्हणजे सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा, बनवणं म्हणजे बॅकअप नव्हे. माइनक्राफ्टमध्ये आधी ‘सेव्ह-ऑफ’ (आपोआप सेव्ह बंद), मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’ (सगळं लगेच डिस्कवर), मग टार, शेवटी ‘सेव्ह-ऑन’. स्क्रिप्टमध्ये हा ‘सेव्ह-ऑन’ ट्रॅपमध्ये टाका, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच थांबली तरी तो चालतोच. टार मध्येच फसला आणि तो राहून गेला, तर सर्व्हर वरून ठणठणीत दिसतो, पण आपोआप होणारं सेव्ह तेव्हापासून बंदच असतं.