स्पेलचे रूप बदलताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट कानावर घेत, आम्ही दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून आणि पात्रे रंगवून साहसकथा घडवण्याचा खेळ खेळतो. टेबलाभोवती बसणाऱ्या सहा जणांपैकी दोघांच्या घरी तेलुगू आणि एकाच्या घरी कन्नड बोलली जाते. खेळ मात्र मराठीत चालतो. अशा टेबलावर पुस्तकातले स्पेल, म्हणजे पात्रांचे जादूचे प्रयोग, जसेच्या तसे आले की ते परके वाटतात. वटवाघळाची विष्ठा आणि गंधक चिमटीत धरून फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, फेकणाऱ्या जादूगारापेक्षा, मुठीतला कापसाचा पुंजका फुंकरीने उडवून भडका उठवणारा विणकराघरचा जादूगार आम्हाला लगेच डोळ्यांसमोर दिसतो. नियमाला धक्का न लावता स्पेलचे केवळ दिसणे बदलण्याच्या या प्रकाराला खेळाडू रीफ्लेवर करणे म्हणतात. २०२० साली आलेल्या ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने तशी मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. त्यातल्या अटी दोनच आहेत: बदल दिसण्यापुरता असावा, परिणामाला तो लागू होऊ नये, आणि एक स्पेल दुसऱ्या स्पेलसारखा भासवता येणार नाही.

मी या गटाचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, आहे. या खेळात वर्णन ही शोभेची वस्तू नसते, हे विसरल्यामुळे आमचे बहुतेक वाद झाले, असे माझे मत आहे. जे ऐकू येते त्याच्या आधारावर बाकीचे खेळाडू आपली पुढची चाल ठरवतात. पुढील सर्व आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत.

जळणारी वस्तू न जळणारी करणे

आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक वेब या स्पेलची होती. हा दुसऱ्या पातळीचा स्पेल २० फुटांच्या घनाकृती जागेत चिकट जाळे पसरवतो. त्यातली वाट बिकट होते, आणि डेक्स्टेरिटीचा सेव्हिंग थ्रो (चपळाईने बचावासाठी टाकलेला फासा) चुकलेला प्राणी जखडला जातो. आमच्या एका खेळाडूने या जाळ्याचे रूप बदलून जमिनीतून उसळणाऱ्या लोखंडी तारा केल्या. वर्णन इतके ठसठशीत होते की सर्वांनी दाद दिली आणि मीही ते विचार न करता मान्य केले. त्याच लढाईत दोन गॉब्लिन त्या तारांत अडकले. शेजारी मशाल घेऊन उभी असलेली आमची फायटर, म्हणजे लढवय्या पात्र खेळणारी मुलगी, त्यांच्यावर तलवार घेऊन धावली, कारण लोखंडाला मशाल लावून काही होणार नाही असे तिला साहजिकच वाटले. पुढच्या फेरीत मात्र शत्रूच्या बाजूने एक पेटता बाण आला आणि मी पुस्तकाप्रमाणे जाहीर केले की जाळ्याचा तो ५ फुटांचा भाग एका फेरीत जळून जाईल आणि त्या आगीत आपली पाळी सुरू करणाऱ्याला २डी४ (चार बाजूंचे दोन फासे टाकून येईल तेवढी) इजा होईल. टेबलावर शांतता पसरली. “तारा जळतात हे मला आधी कळायला नको होते का?” असे तिने विचारले, आणि तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते.

त्या दिवशी नियम मोडला नव्हता. वर्णनाने नियम लपवला होता. यावरचा उपाय आम्हाला आमच्याच गल्लीत सापडला. आता त्याच खेळाडूचा वेब म्हणजे हवेत अचानक ताणला जाणारा सुती ताणा असतो: दोन भिंतींच्या मध्ये शेकडो उभे धागे खेचले जातात आणि त्यांत आडवा बाणा आपोआप विणला जातो. सूत पेट घेते, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. ताण धरायला दोन्ही टोकांना आधार लागतो, हेही सर्वांना ठाऊक असते. आणि हे जाळे दोन भक्कम आधारांमध्ये ताणलेले किंवा जमिनीवर, भिंतीवर, छतावर पसरलेले नसेल तर ते स्वतःवरच कोसळते, असेच नियमातही लिहिले आहे. चांगल्या रूपाची माझी कसोटी हीच आहे. ज्याने पुस्तक वाचलेले नाही, त्यालाही केवळ वर्णन ऐकून नियमाचा बराचसा अंदाज यायला हवा.

इजेचा प्रकार हा रंग नव्हे

‘माझ्या फायरबॉलमधून आगीऐवजी बर्फाचे खडे उडतात, बाकी सगळे तेच,’ असे कोणी म्हणाले की नवा डीएम मान डोलावतो. इजेचे फासे तेच ८डी६ राहतात, २० फुटांची त्रिज्या तीच राहते, मग बिघडले कुठे? बिघाड पुढे दिसतो. ट्रोल या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात आणि ते भरणे फक्त आगीने किंवा आम्लाने थांबते. टीफलिंग या वंशाच्या पात्राला आगीची इजा निम्मीच होते. फायरबॉलने कोणी अंगावर घातलेल्या किंवा हाती धरलेल्या नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात. हे सगळे आग या शब्दावर टांगलेले आहे. म्हणून आगीचे रूप बदलायचे असेल तर ते दुसऱ्या आगीतच बदलावे. मागाखाली साचलेल्या सुती धुळीचा भडका, गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूचा फुललेला गोळा, विटभट्टीचे तोंड उघडल्यावर अंगावर येणारी झळ, ही सगळी रूपे वेगवेगळी आहेत आणि सगळी आगच आहेत. डीएमने खरोखरच इजेचा प्रकार बदलून दिला, तर त्याला हरकत नाही, पण तो नवा नियम आहे हे सर्वांसमोर मान्य करावे आणि त्याला रीफ्लेवर म्हणू नये.

थंडीच्या बाबतीत आमची अडचण उलटी होती. मे महिन्यात ४३ अंशांत पंख्याखाली बसून हिमवादळाचे वर्णन करणाऱ्या मुलांनी बर्फ पडताना कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे रे ऑफ फ्रॉस्ट या थंडीच्या स्पेलचे वर्णन दर वेळी ‘निळा किरण’ इथेच संपायचे. मग एकीने ते असे मांडले: बर्फाच्या लादीवर तळहात दाबून धरला की बोटे आखडतात आणि उघडता उघडत नाहीत, तसा शत्रूचा गुडघा आखडतो. या स्पेलने १डी८ थंडीची इजा होते आणि शत्रूचा वेग १० फुटांनी घटतो. तिच्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आल्या.

गुपचूप स्पेल टाकण्याची पळवाट

ही चूक हुशार खेळाडू करतात. ‘माझा मंत्र म्हणजे मी सहज गुणगुणलेली ओवी आहे, त्यामुळे दरबारात कोणाच्या लक्षात येणार नाही,’ असा प्रस्ताव येतो. ओवी जरूर असू द्यावी, पण ती उच्चारलेली ओवी आहे. सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या वर्तुळात ती म्हणता येणार नाही, आणि समोरच्या जादूगाराने पाहिले तर ६० फुटांच्या आतून तो काउंटरस्पेल टाकून ती जादू रोखू शकेल. खुणा आणि उच्चार न करता स्पेल टाकण्याची सोय सोर्सरर या प्रकारच्या जादूगाराला सटल स्पेल या मेटामॅजिकने (स्पेल टाकण्याची रीत बदलणाऱ्या खास कौशल्याने) मिळते आणि त्यासाठी त्याला एक सोर्सरी पॉइंट मोजावा लागतो. एकाने मोल देऊन घेतलेली गोष्ट दुसऱ्याला वर्णनाच्या नावाखाली फुकट मिळाली, तर पहिल्याच्या मनात अढी बसते आणि ती बोलून दाखवली जात नाही.

स्पेल टाकताना लागणाऱ्या साहित्याचेही तसेच आहे. पुस्तकात किंमत न दिलेले साहित्य बदलायला कोणाचीच हरकत नसावी. मेलेल्याला जिवंत करणारा रिव्हिव्हिफाय मात्र ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची घालतो. त्याऐवजी रेशमाची लड वापरायची असेल तर ती लडही ३०० मुद्रांचीच असली पाहिजे, तितकीच दुर्मीळ असली पाहिजे आणि स्पेल टाकल्यावर संपली पाहिजे.

वर्णनाने जास्तीचे वचन देणे

फॉग क्लाउड या धुके पसरवणाऱ्या स्पेलचे आम्ही एकदा होमाच्या धुराचे रूप केले आणि लगेच प्रश्न आला की शत्रूला ठसका लागेल का. नियमात ठसका नाही. फक्त २० फूट त्रिज्येत काही दिसत नाही आणि वारा सुटला की ढग विरतो. आम्ही धुराच्या जागी हिवाळ्यातल्या पहाटे सिद्धेश्वर तलावावर उतरणारे धुके आणले आणि प्रश्न उरला नाही. तीन जादुई नेम सोडणाऱ्या मॅजिक मिसाइलचीही अशीच गफलत होते: त्याला बाण म्हटले की समोरचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा) विचारतो, कारण बाण चुकू शकतो. हे तिन्ही नेम कधीच चुकत नाहीत, म्हणून आमच्याकडे ते शत्रूच्या अंगाला आधीच बांधलेले तीन धागे असतात आणि जादूगार फक्त ते खेचतो.

श्रद्धेच्या वस्तू

स्पिरिच्युअल वेपन या तरंगत्या शस्त्राच्या स्पेलला कोणतेही रूप देण्याची मोकळीक नियमातच आहे. एका नव्या खेळाडूने त्यासाठी नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतली पूजेची उंच काठी, सुचवला. त्याचा हेतू आदराचाच होता, तरी टेबलावरच्या एकाच्या घरी काठ्यांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि त्या काठीने गॉब्लिन मारण्याची कल्पना त्याला सहन होईना. अशा वेळी वाद घालू नये. ज्याला खुपते त्याचा शब्द शेवटचा मानावा. आम्ही त्याऐवजी मागाचा धोटा घेतला. दोन्ही टोकांना धातूची अणी असलेला धोटा मागावरून निसटला तर माणसाला जखमी करतो, हे पूर्व भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तो हवेत तरंगतो, दर पाळीला बोनस ॲक्शनने (जास्तीच्या छोट्या कृतीने) २० फुटांपर्यंत सरकतो, मारतो, आणि मिनिटभराने थांबतो.

खेळ सुरू असताना वाद उद्भवला तर

लढाई थांबवून स्पेलचा मूळ मजकूर मोठ्याने वाचावा. त्या फेरीपुरता मजकूर प्रमाण मानावा. मात्र चुकीच्या वर्णनामुळे ज्याने चाल फुकट घालवली, त्याला ती परत घेऊ द्यावी. आमच्या फायटरला मी त्या दिवशी तशी संधी दिली नाही, याची खंत मला अजून आहे. त्यानंतर आम्ही दोन सवयी लावून घेतल्या. स्पेल टाकताना आधी पुस्तकातले नाव उच्चारायचे आणि मग वर्णन करायचे, म्हणजे नियम कोणता लागू आहे याबद्दल कोणीही अंधारात राहत नाही. शिवाय प्रत्येक बदललेले रूप कॅरेक्टर शीटच्या (पात्राच्या नोंदीच्या कागदाच्या) मागच्या बाजूला एका ओळीत लिहून ठेवायचे. पूर्ण वर्णन पहिल्यांदाच करावे. तोच स्पेल पुन्हा आला की ‘ताणा खेचला’ एवढे दोन शब्द पुरतात, कारण खेळातली फेरी सहा सेकंदांची असते आणि टेबलावर आणखी पाच जण आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले असतात.