प्रमोशन देतायत? हो म्हणायच्या आधी हे बघा

मैत्रिणींनो, सीईओच्या खुर्चीपर्यंत जायचं असेल तर एचआर किंवा कम्युनिकेशनची हेड करतो म्हणाले की लगेच हुरळून जाऊ नका. ही कामं हलकी अजिबात नाहीत, पण सीईओ निवडताना बोर्ड, म्हणजे कंपनीचं संचालक मंडळ, बघतं की हिने धंदा चालवलाय का, विक्री, खर्च, नफा-तोटा स्वतःच्या अंगावर घेतलाय का, आणि नेमक्या त्याच पोस्टवर बायका कमी दिसतात. मेरी बारा २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या सीईओ झाल्या, त्यांनी एचआरपण सांभाळलं होतं, पण त्याआधी असेंब्ली प्लांट चालवला होता आणि नंतर प्रॉडक्ट डेव्हलपमेंट. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून बोर्डावर ४० टक्के बायका आणल्या, तरी सीईओ बहुतेक पुरुषच राहिले.

म्हणून बॉसला सरळ विचारा, "मला नफ्या-तोट्याची जबाबदारी असलेला रोल कधी मिळेल, आणि त्यासाठी अजून काय दिसायला हवं?" उत्तर गोलमोल आलं तर त्याच दिवशी मेल टाका, "आपलं असं बोलणं झालं" म्हणून. लेखी असलं की पुढच्या वेळी विषय टाळता येत नाही.

अप्रेझल पण नीट वाचा. "सगळ्यांना सांभाळून घेते" असं लिहिलं असेल तर छान वाटतं, पण त्यावर कोणी बिझनेस युनिट देत नाही हो! तिथे आकडा घालायला लावा, किती खर्च वाचवला, किती ऑर्डर आणल्या.

मीटिंगचे मिनिट्स दरवेळी तुमच्याकडेच येतात का? "या वेळी मी घेते, पुढच्या वेळी कोण?" एवढंच विचारायचं, हसून. तुमचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जात असेल तर ओबामांच्या व्हाइट हाउसमधल्या बायकांची युक्ती वापरा, एकीने मुद्दा मांडला की दुसरी तो तिचं नाव घेऊन परत मांडायची, मग कोणाला ढापता यायचा नाही.

मेंटॉर सल्ला देतो, ठीक आहे, पण तुम्ही खोलीत नसताना तुमचं नाव पुढे करणारा सीनियर जास्त कामाचा, तो शोधा.

आणि मोठी पोस्ट अचानक चालून आली तर आधी त्या युनिटचे हिशेब मागा. कंपनी गाळात असताना बायकांना पुढे करतात, याला रायन आणि हॅसलम या संशोधकांनी २००५ मध्ये ग्लास क्लिफ असं नाव दिलं. घ्यायचीच असेल तर जॉइन व्हायच्या आधीच बजेट, टीम निवडायची मोकळीक आणि रिझल्टसाठी किती वेळ देणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही.