वुडकॉक पाहायचा असेल तर शोधू नका, थांबा

वुडकॉक हा पाणलाव्याच्या कुळातला पक्षी आहे; मात्र दलदलीचा उघडा काठ सोडून त्याने ओलसर जंगलातल्या पालापाचोळ्यात बस्तान बसवले आहे. दिवसभर तो जमिनीला चिकटून निश्चल बसतो आणि त्याची तांबूस-तपकिरी नक्षी वाळक्या पानांत इतकी मिसळून जाते, की चार पावलांवरूनही तो नजरेस पडत नाही. त्यामुळे झाडी तुडवत त्याचा माग काढू नये. डोळे डोक्यावर उंच आणि मागच्या बाजूला असल्याने त्याला सभोवारचे सारे दिसते. आपण त्याला पाहण्याआधीच त्याने आपल्याला हेरलेले असते.

युरोपपासून जपानपर्यंत विणीसाठी पसरलेल्या युरेशियन वुडकॉकची खरी भेट संधिप्रकाशात होते. साधारण मार्च ते जुलै या काळात नर माद्यांच्या शोधात झाडांच्या शेंड्यांलगत फेऱ्या घालतात. सूर्यास्तापूर्वी जंगलातल्या मोकळ्या जागेच्या कडेला, मावळतीचे उजळ आकाश समोर येईल असे उभे राहावे. आधी कान द्यावा: तीन-चार खर्जातले घोगरे हुंकार आणि लगेच एक बारीक, तीक्ष्ण चीत्कार ऐकू आला, की जाड अंगाची, लांब चोच खाली झुकवलेली आकृती डोक्यावरून जाते. नर बहुधा त्याच वाटेने परत येतो, म्हणून जागा बदलण्याची घाई करू नये. जवळून दिसलाच तर डोक्याकडे पाहावे. पाणलाव्याच्या माथ्यावर लांबीत पट्टे असतात, तर वुडकॉकच्या माथ्यावर ते आडवे असतात.

रात्री तो गांडुळे टिपायला बऱ्याचदा कुरणांत उतरतो. मऊ मातीत जवळजवळ पडलेली बारीक छिद्रे हा त्याचा माग असू शकतो. त्याच्या सहा ते आठ सेंटिमीटर लांब चोचीचे टोक अतिशय संवेदनशील असते आणि मातीत रुतलेल्या चोचीचे फक्त तेवढे टोक उघडून तो गांडूळ पकडतो, ही रचना मला विलक्षण वाटते. जमीन गोठली, की मात्र हे अन्न तुटते. कडाक्याच्या थंडीत त्याला उडवणे म्हणजे त्याची उरलीसुरली शक्ती खर्ची घालणे होय.

विणीच्या काळात पायवाट सोडू नये, कुत्रा साखळीने बांधलेला असावा आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला बोलावू नये. जमिनीवरच्या उथळ खळग्यात घातलेली, बहुधा चार अंडी मादी एकटीच सुमारे तीन आठवडे उबवते. ती पायाजवळून उडाली तर छायाचित्रासाठी न थांबता आल्या वाटेने लगेच मागे फिरावे.