दूधसागरच्या घाटातून गाडीने: आधी तास ठरवा, मग तिकीट

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की आमच्या फोंड्याच्या घरी फोन सुरू होतात. डोंबिवलीची आत्ये, पुण्याची मावसबहीण, भावजीचे मित्र. सगळ्यांना एकच हवं असतं: रेल्वेगाडीत बसून दूधसागर धबधबा बघायचा. तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवते.

पहिलं म्हणजे, सगळी सहल त्या एका-दीड तासासाठी आहे. घाटाखालचं कुळे स्टेशन सोडलं की सोनावळी, दूधसागर, करंझोळ आणि मग वर कॅसलरॉक. अंतर जेमतेम 26 किलोमीटर. पण चढ 37 ला 1, म्हणजे गाडी 37 मीटर पुढे गेली की 1 मीटर वर चढलेली असते. रेल्वेच्या मानाने हा चढ भलताच उभा. म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं जोडतात. ती वर ढकलतात आणि कॅसलरॉकला सुटतात. कुळ्याला गाडी बराच वेळ थांबली तर कुरकुर करू नका. खिडकीतून मागे बघा, इंजिन येऊन लागतं तेव्हा डब्याला चांगला हिसका बसतो. पोरांना हा हिसका धबधब्याइतकाच आवडतो.

तर आधी तो तास उजेडात पडतो का ते बघा. माझी पहिली फेरी इथेच फुकट गेली. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसले, घाट लागला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. दूधसागर मी नुसता ऐकला. म्हणून आता सगळ्यांना सांगते, घाट उतरताना नव्हे, चढताना बघा. वास्कोहून दुपारी निघणारी गोवा एक्सप्रेस रोज असते, मडगाव आणि कुळे करत संध्याकाळच्या आत घाटात शिरते. थंडीच्या दिवसांत मात्र वर पोचेपर्यंत सूर्य कलतो, गाडीला उशीर झाला तर संपलंच. आठवड्यातून काही दिवस सकाळची अमरावती एक्सप्रेस असते, तिला माझी पसंती. वेळा बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा.

आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं (पूर्वी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून बदललं). तिकीट स्लीपरचं काढा. एसीची काच बंद, वरून पावसात धुकट होते, फोटोत फक्त आपलं नाक येतं. आणि तिकीट कॅसलरॉकच्या पुढच्या लोंढ्यापर्यंत किंवा सरळ बेळगावपर्यंत काढा, दूधसागरचं नको.

दूधसागर स्टेशनावर उतरून रुळांवरून धबधब्याच्या पुलापर्यंत चालत जायचे मनसुबे दर पावसाळ्यात कुणाच्या तरी डोक्यात येतात. रुळांवर असं फिरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. 2023 च्या जुलैत तर पोरांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. धबधब्याच्या पायथ्याशी जायचंच असेल तर कुळ्याहून अभयारण्यातून जीप जातात, पावसाळा सरल्यावर. ती वेगळी सहल, वेगळा दिवस. एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न: डावीकडे बसू की उजवीकडे? माझ्या मते डावं-उजवं विसरा, दरीची बाजू आणि डोंगराची बाजू एवढं लक्षात ठेवा. वळणावरून लांबून तो 310 मीटरचा पांढरा पट्टा आणि त्याच्या मधोमध काडेपेटीएवढा पूल दिसतो तो दरीच्या बाजूने. गाडी प्रत्यक्ष पुलावर आली की पाणी डोंगराच्या बाजूने अंगावर येतं, तुषार थेट खिडकीत. म्हणून आम्ही समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या धरतो, आणि पुलाआधी अदलाबदल. बाजूच्या खालच्या बर्थवरचा प्रवासी साधारणपणे ऐकतो, त्याला घरचा चिवडा द्यावा. दारात मात्र उभं राहू नका, कितीही रील बनवायचं असलं तरी.

महिना कुठला? जुलैत पाणी अफाट, पण धुकं असं की पूल आला कधी नि गेला कधी कळत नाही. शिवाय दरडी. 2024 च्या ऑगस्टमध्ये सोनावळी-दूधसागर दरम्यान मालगाडी घसरली आणि कित्येक गाड्या रद्द झाल्या किंवा वळवल्या. पावसात निघालात तर पुढचा एक दिवस मोकळा ठेवा. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य: पाणी भरपूर, ऊन अधूनमधून. एप्रिलमध्ये येऊन धबधबा कुठे आहे विचारणाऱ्या पाहुण्यांना मी काय सांगू?

घाटात फोनला रेंज नसते. तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. बटाटवडे मडगावलाच घ्या. माकडं दिसली की खिडकी लावा. माझ्या नवऱ्याच्या हातातला उंडा (आमचा गोल पाव) गेला होता. पोरांना बोगदे मोजायला लावा, दर वेळी दोघांचे आकडे वेगळे येतात आणि भांडणात घाट संपतो.

कॅसलरॉकला गाडी थांबली की बाहेरची हवा घ्या, गारवा जाणवतो. हे स्टेशन म्हणजे पोर्तुगीज गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची वेस. लोहमार्ग झाला 1880 च्या दशकात, मुरगाव बंदराला देशाशी जोडण्यासाठी. आमचे आजोबा सांगायचे, इथे कस्टमवाले पिशव्या उचकटून बघायचे. आता कर्नाटकातलं एक निवांत स्टेशन आहे.

परतीला गाडी नको. रात्रीची मिळते, काळोखात उपयोग शून्य. बेळगावला मुक्काम करा, कुंदा घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चोर्ला घाटातून बसने पणजी. वळणं बरीच आहेत, उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, बस सुटल्यावर नव्हे.