प्रकल्पाचा कागद आधी ग्रंथपालाच्या हातात यावा

‘ग्रंथालयातून काही लागलं तर सांगा’ असा निरोप प्राध्यापकांना पाठवला तर त्यावर उत्तर येत नाही. सत्र सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी प्रत्यक्ष भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांना कोणता प्रकल्प देणार आणि तो कधी जमा करून घेणार?

प्रकल्पाचा कागद मिळाला की विद्यार्थी वापरतात त्याच संगणकावर बसून तो स्वतः करून पाहा. अर्ध्या तासात खाचखळगे कळतात. ‘पाच शोधनिबंध वापरा’ असं लिहिलेलं असतं, पण त्या विषयावर आपल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, दोनच निघतात. हे कागद वाटण्याआधीच प्राध्यापकांच्या कानावर घाला. नंतर सांगून उपयोग नसतो.

पुस्तकांचा हिशेब मांडा. वर्गात 60 जण आणि प्रती चार. आठवड्याच्या बोलीवर घरी दिल्या, तर तीन आठवड्यांत जेमतेम 12 जणांच्या हाती लागतील. त्याच प्रती राखीव ठेवून दोन-दोन तासांसाठी ग्रंथालयातच वाचायला दिल्या, तर आठ तासांत 16 जण वाचतात आणि चार दिवसांत सगळा वर्ग होतो. ई-बुक असेल तर एका वेळी किती जण उघडू शकतात ते आधी तपासा. परवाना एकाच वाचकाचा असला, तर प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री बाकीच्यांना पुस्तक उघडतच नाही.

लिंक देताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलू नका, लॉगिनची मुदत संपली की तो बऱ्याचदा मरतो. लेखाच्या पानावरची कायमस्वरूपी लिंक घ्या आणि महाविद्यालयाबाहेरच्या इंटरनेटवरून उघडून पाहा.

संदर्भ कसे शोधायचे हे शिकवणारा वर्गावरचा तास सत्राच्या पहिल्या आठवड्यात घेऊ नका. विषय ठरलेले नसतात, त्यामुळे सांगितलेलं वाऱ्यावर जातं. विषय मिळाल्यानंतरच्या आठवड्यात घ्या आणि प्राध्यापकांना वर्गातच थांबायची विनंती करा. ते निघून गेले की मुलांना तो तास ऑफ वाटतो. 50 मिनिटांत सगळे डेटाबेस दाखवायचा मोह आवरा, एकच पुरे. ‘मोबाइलचा मुलांवर परिणाम’ हा विषय फळ्यावर फोडून दाखवा: मोबाइल किंवा स्मार्टफोन, मुलं किंवा किशोरवयीन, आणि ‘परिणाम’ऐवजी नेमकं झोप किंवा एकाग्रता. शोधाच्या चौकटीत समानार्थी शब्दांमध्ये ‘ऑर’ (OR), वेगळ्या कल्पनांमध्ये ‘अँड’ (AND) टाकायचं. शेवटची 20 मिनिटं ज्याला त्याला आपापला विषय शोधू द्या आणि तुम्ही बाकांमधून फिरत राहा. खरं शिकवणं तिथंच होतं.

एआयनं रचलेले खोटे संदर्भ आता सर्रास येतात. लेखाचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहायचा, खंड आणि पृष्ठं जुळवायची, एवढं प्रत्येकाकडून एकदा करून घ्या.

प्रकल्प जमा झाले की प्राध्यापकांकडून पाच-सहा संदर्भसूच्या नावं झाकून मागा. मुलं कुठं अडली ते त्यात दिसतं. पुढच्या सत्राचा तास त्यावरूनच आखा.