‘नाना’ म्हणजे आजी: इंग्रजीतले घरगुती शब्द कसे ओळखायचे, कुठे वापरायचे

सोलापुरात पेठ बदलली की ‘नाना’ बदलतो. मराठी घरात तो वडीलधारा पुरुष, उर्दू बोलणाऱ्या घरात आईचे वडील, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘नान्ना’ म्हणजे सरळ बाप. आता लंडनला राहणारी भाची फोनवर म्हणाली, “मुलं नानाकडे आहेत,” तर ती मुलं आजीकडे आहेत. इंग्रजीत नाना, नॅन, ग्रॅन ही सगळी आजीचीच नावं. ‘नॅनी’ जरा जपून घ्यावा. काही घरांत आजीला नॅनी म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी तो मुलं सांभाळणाऱ्या पगारी बाईसाठी असतो.

मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू असं चार भाषांत रोज उठबस करणाऱ्या गावाला हे शब्द खरं तर जड जाऊ नयेत. तरी जातात, कारण आपण शब्दाला शब्द लावून मोकळे होतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. बोलणारा कुठल्या देशातला? तो हाक मारतोय की नातं सांगतोय? आणि नातं रक्ताचं आहे की कट्ट्यावरचं?

देशाचा फरक आईपासूनच सुरू होतो. अमेरिकेत ‘मॉम’. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ‘मम’. उत्तर इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये ‘मॅम’. बर्मिंगहॅमच्या बाजूला मात्र इंग्लंडात असूनही ‘मॉम’ लिहितात. मातृदिनाचं कार्ड पाठवायचं असेल तर शब्दाबरोबर तारीखही बघा. अमेरिकेत तो मे महिन्याचा दुसरा रविवार, ब्रिटनमध्ये लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, चौथा रविवार, म्हणजे बहुतेक वर्षी मार्चमध्येच. मे महिन्यात ब्रिटनला पोचलेलं कार्ड शिळं ठरतं.

लिहितानाची एक खूण पक्की लक्षात ठेवा. मम, डॅड हे शब्द नावासारखे आले तर पहिलं अक्षर मोठं. आधी ‘माय’, ‘युवर’ असं काही आलं तर छोटं. आपल्याकडच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकांत आणि पोस्टमध्ये हे हमखास उलटं झालेलं दिसतं.

‘डॅड’चं मूळ शोधायला कोश फार चाळावे लागत नाहीत. बाळाच्या तोंडातून पहिले बाहेर पडतात ते म, ब, प, द, त असले सोपे आवाज. मोठी माणसं हौसेने ते स्वतःवर घेतात. संस्कृतातला ‘तात’ त्याच जातीचा. ‘पापा’ मात्र इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला आणि बराच काळ उच्चभ्रू घरांत राहिला. आज इंग्लंडात तो जुनाट वाटतो. आपल्याकडे ‘पप्पा’ अजून टिच्चून आहे. ‘डॅडी’ लहान मुलाच्या तोंडी ठीक. मोठ्या बाईने परक्या पुरुषाला उद्देशून लिहिला तर त्याला शृंगारिक वास येतो, म्हणून कोणाच्या फोटोखाली गंमत म्हणून टाकू नये.

‘इंग्रजीत काका, मामा, आत्या, मावशी असला भेदच नाही’ ही तक्रार आपण शाळेपासून करतो. हा भेद त्यांच्याकडे होता. जुन्या इंग्रजीत आईच्या भावाला एक शब्द होता, वडिलांच्या भावाला दुसरा, मावशीला तिसरा, आत्याला चौथा. फ्रेंचचा पगडा बसल्यावर हे चारही मागे पडले आणि दोन लॅटिन वंशाचे शब्द उरले. ‘अंकल’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ आईचा भाऊ, आणि ‘आंट’च्या मुळाशी आहे वडिलांची बहीण. म्हणजे मुळात अंकल हा फक्त मामा आणि आंटी ही फक्त आत्या! ‘कझिन’चा लॅटिन पूर्वज तर मावसभावंडापुरताच होता. ‘नेफ्यू’ आणि आपला ‘नातू’ एकाच जुन्या कुळातले. संस्कृत ‘नप्तृ’ म्हणजे नातू, तिकडे लॅटिन ‘नेपोस’ म्हणजे नातू आणि पुढे भाचा-पुतण्याही.

वापरायचं म्हणाल तर परक्या वडीलधाऱ्याला अंकल-आंटी म्हणणं आपल्या सोसायटीत चालतं, ब्रिटनमधल्या भारतीय घरांतही चालतं. गोऱ्या शेजाऱ्याला चक्रावल्यासारखं होतं. अमेरिकेत तर वयस्क कृष्णवर्णीय माणसाला अंकल किंवा आंटी अजिबात म्हणू नये. गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही गोरे लोक त्यांना मिस्टर-मिसेस हा मान न देता असंच संबोधत, आणि तो सल शिल्लक आहे. (आंटी म्हटल्यावर नव्या पेठेतली पस्तिशीची बाईही वळून बघते, ते कारण वेगळं.)

‘किड’ म्हणजे मुळात करडू, शेळीचं पिल्लू. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. माणसाच्या पोराला किड म्हणणं सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं, तेही हलक्या बोलीत. आज तो घरोघरी आहे, पण शाळेच्या अर्जात किंवा व्हिसाच्या कागदात ‘चिल्ड्रन’च लिहावं. ‘किड ब्रदर’ म्हणजे धाकटा भाऊ, मग तो चाळिशीचा का असेना. ‘आय ॲम किडिंग’मधली थट्टाही याच करडाची, म्हणजे समोरच्याला पोर समजून फिरकी घेणं.

‘ब्रो’ समजून घ्यायला सोलापूरकराला परदेशी जायची गरज नाही. तो आपला ‘बे’ आहे. ‘काय बे, कुठं हाईस?’ जिथे खपतं तिथे ब्रो खपतो. ज्या माणसाला तुम्ही चुकूनही बे म्हणणार नाही, त्याला ब्रो म्हणू नका. साहेबाला पाठवायच्या मेलमध्ये ब्रो टाकायचा मोह होतो तेव्हा हीच कसोटी लावा. ‘ब्रुह’ हा त्याचाच उच्चार बिघडवून झालेला अवतार, हाकेपेक्षा ‘अरे देवा’ म्हणायला जास्त वापरतात. ‘फॅम’ हे फॅमिलीचं तोडलेलं रूप लंडनच्या पोरांनी खूप चालवलं. त्यात घरचं कोणी असेलच असं नाही, बहुधा मित्रच असतात. ‘बे’ असाच उच्चार असलेला इंग्रजी ‘बे’ मात्र प्रियकर-प्रेयसीसाठी! ‘बिफोर एनीवन एल्स’ची ही आद्याक्षरं आहेत असं सगळीकडे फिरतं, पण ती मागाहून जुळवलेली फोड. शब्द ‘बेब’ तोडून झालाय. तेव्हा सात रस्त्यावरचा बे आणि इन्स्टाग्रामवरचा बे यांची गाठ घालू नका, गैरसमज मोठा होईल.

लंडनच्या ईस्ट एंड भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यमकाची एक बोली तयार झाली. खऱ्या शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची. बायको म्हणजे वाइफ, म्हणून ‘ट्रबल अँड स्ट्राइफ’. मुलं म्हणजे किड्स, म्हणून ‘डस्टबिन लिड्स’. पुष्कळदा यमकाचा शब्दच गाळतात. मित्र म्हणजे मेट, त्याचं ‘चायना प्लेट’, आणि तोंडात उरतो नुसता ‘चायना’. ऐकून ओळखा, स्वतः बोलू नका. बाहेरच्याच्या तोंडी ती नक्कल वाटते. ‘बॉब्ज युअर अंकल’मध्येही कुठला काका नाही, ‘झालं, संपलं काम’ एवढंच. बॉब हे रॉबर्टचं घरगुती रूप; १८८७ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट सॅलिसबरी यांनी भाचा आर्थर बाल्फर याला मंत्रिपद दिलं, त्यावरून हे आलं असं सांगतात. पण हा प्रयोग लिखित स्वरूपात सापडतो तो १९२० च्या दशकात, त्यामुळे गोष्ट रंगतदार असली तरी भरवशाची नाही.

आता एक निरोप सोडवून बघा. ‘हाय फॅम, हबी इज ॲट हिज फोक्स, किड्स ॲट नानाज, सो जस्ट मी अँड माय ओल्ड मॅन टुनाइट.’ फॅम म्हणजे मित्रमंडळ. हबी म्हणजे नवरा. हसबंडचं हे लाडिक रूप सतराव्या शतकापासून आहे आणि मूळ शब्दाचा अर्थ घरधनी. फोक्स म्हणजे आई-वडील, म्हणून लिहिणारी बहुधा अमेरिकन छापाची. ‘ओल्ड मॅन’ बाप असतो, नवरा असतो, कधी साहेबही. इथे नवरा त्याच्या आई-वडिलांकडे गेलाय, मग उरला बाप. शब्दकोशाने हे सुटत नाही, आजूबाजूच्या वाक्याने सुटतं.

कागदपत्रांत मात्र घरगुती शब्द नकोतच. सर्वांत जास्त घोळ सासरच्या नात्यांत होतो. वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी या चौघी इंग्रजीत एकच: सिस्टर-इन-लॉ. त्यातला ‘लॉ’ म्हणजे कोर्टाचा कायदा नव्हे, कोणाशी लग्न चालतं ते ठरवणारा चर्चचा नियम. अनेकवचनात ‘एस’ सिस्टरला लागतो, ‘सिस्टर्स-इन-लॉ’. मालकी दाखवताना मात्र शेवटी, ‘सिस्टर-इन-लॉज’. साडूसाठी आपण ‘को-ब्रदर’ आणि जावेसाठी ‘को-सिस्टर’ लिहितो, ते भारताबाहेर कोणाला कळत नाही. ‘वाइफ्स सिस्टर्स हसबंड’ असं उलगडून लिहा. व्याह्याला शब्दच नाही, ‘माय डॉटर्स फादर-इन-लॉ’ असंच जावं लागतं. ‘कझिन ब्रदर’मधला ब्रदर खोडा. आजोबा एक असले तर फर्स्ट कझिन, पणजोबा एक असले तर सेकंड कझिन. वडिलांचा चुलतभाऊ, म्हणजे आपला चुलत काका, हा ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ड’. एक पिढी सरकली एवढाच त्या ‘रिमूव्ड’चा अर्थ, कोणी कोणाला घरातून काढलेलं नाही. आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, जे सोलापूरच्या अनेक घरांत आहे, तर नात्याच्या रकान्यात फक्त ‘वाइफ’ लिहा. कझिन हा शब्द वेगळा विचारला असेल तरच.